नवी लस ‘पास झाली’ म्हणजे नेमके काय झाले, हे गावात कसे सांगावे?

पांदण (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील कापूसपट्ट्यातल्या एका गावी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. ग्राम आरोग्य समितीचा सदस्य असल्यामुळे लसीकरणाविषयी गावकऱ्यांशी बोलण्याचे काम बहुधा माझ्याच वाट्याला येते. गेल्या महिन्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीची माहिती देण्यासाठी सातवी-आठवीच्या मुलींच्या पालकांची बैठक शाळेच्या व्हरांड्यात बोलावली होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या अशा लसीला औषध महानियंत्रकांनी २०२२ मध्ये मंजुरी दिली आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही, असे मी सांगितले. त्यावर निंदणावरून थेट आलेली आणि खांबाला टेकून बसलेली एक आई शांतपणे म्हणाली, “सर, फवारणीचं औषधई पासच होतं ना? त्याच्या डब्यावरई सरकारचा नंबर होता.”

तिच्या नवऱ्याला २०१७ च्या हंगामात फवारणीची विषबाधा झाली होती. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हा माणूस वाचला, पण त्याच्या डाव्या डोळ्यातून अजून पाणी गळते. मला काही उत्तर सुचले नाही. तेवढ्यात चहा आला आणि बैठक संपली.

तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही. लस मंजूर होते म्हणजे कोण, काय आणि कशाच्या आधारे ठरवतो? कीटकनाशकाची नोंदणी आणि लसीची मंजुरी यांत खरोखर फरक आहे का? नव्या तंत्राच्या लसी माणसाचे जनुक बदलतात, असेही दोन तरुणांनी त्याच बैठकीत मोबाइलवर दाखवले. पाठ केलेली वाक्ये मला नको आहेत, कारण २०२१ मध्ये ती मीच भरपूर म्हटली आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

शीतसाखळी

सर, मी औषधनिर्माता म्हणून आरोग्य खात्यात तीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी लस भांडारात. त्या ताईंचा प्रश्न आमच्या एखाद्या प्रशिक्षणात कोणी विचारला असता तर फार बरे झाले असते.

आधी मंजुरीचा रस्ता सांगतो. प्राण्यांवरील चाचण्यांनंतर माणसांवर तीन टप्प्यांत चाचण्या होतात. त्यांचे नियम २०१९ च्या ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमां’त आहेत. चाचण्यांची आकडेवारी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे जाते, तिथली विषयतज्ज्ञ समिती शिफारस करते आणि औषध महानियंत्रक परवानगी देतात. जनुकीय तंत्राने बनलेली लस असेल तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियमही लागू होतात. आपल्याकडच्या बीटी कपाशीला लागू झालेले नियम तेच, हे तुमच्या गावात सांगितले तर लोक कान टवकारतील. परवाना मिळाला म्हणजे लस उपकेंद्रात आली, असेही नाही. सरकारी कार्यक्रमात ती घ्यावी की नाही, याचा सल्ला देणारा राष्ट्रीय तांत्रिक गट वेगळा असतो आणि तिथे वर्षे जातात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची कावीळ-बी वरील लस १९९७ मध्ये बाजारात आली, पण ही लस देशभरातील बाळांना सरकारी कार्यक्रमातून मिळायला २०११ च्या सुमारास सुरुवात झाली. ती लस यीस्टमध्ये जनुकीय तंत्रानेच तयार होते, म्हणजे ज्याला आपण ‘नवे तंत्र’ म्हणून बिचकतो त्याची एक जात आपल्या उपकेंद्रातल्या डब्यातून कधीची येत आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसही त्याच घराण्यातली. तिच्यात हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचे नुसते बाह्य कवच असते, आत जनुकीय सामग्री नसते, त्यामुळे आपले जनुक बदलण्याचा प्रश्न येत नाही. ते तरुण बहुधा एम-आरएनए लसीबद्दल बोलत असावेत. त्या प्रकारातील पहिल्या भारतीय लसीला, पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या लसीला, जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. तिच्यातला एम-आरएनए म्हणजे पेशीला प्रथिन बनवायला सांगणारा संदेश; तो पेशीच्या केंद्रकात, जिथे आपली जनुके असतात तिथे, शिरत नाही आणि काम झाले की विरघळून जातो.

आता मुख्य गोष्ट. कीटकनाशकाची नोंदणी १९६८ च्या कायद्याखाली होते आणि तीही अटींवरच होते. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर बंदी होती, कपाशीवर परवानगी होती. डब्यावर हातमोजे, मास्क, मात्रा, वाऱ्याची दिशा असे सगळे छापलेले होते. ते बारीक अक्षर वावरात कोण वाचणार, आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणाऱ्या मजुराला हातमोजे कोण देणार? मंजुरी दिल्लीजवळ झाली, अटी मात्र कृषी केंद्राच्या काउंटरवरच राहिल्या. तेव्हा त्या ताईंना असे सांगा की मंजुरीचा शिक्का दोन्हीकडे असतो, फरक पाहायचा तो अटी गावापर्यंत पोहोचतात का याचा.

लसीच्या बाबतीत त्या बऱ्याच अंशी पोहोचतात, आणि त्या डोळ्यांनी दाखवता येतात. प्रत्येक बॅच बाजारात येण्याआधी तिला हिमाचलातील कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून मोकळीक मिळावी लागते. फवाऱ्याच्या प्रत्येक बॅचला असे काही नसते. पुढे दोन ते आठ अंश तापमान शेवटपर्यंत राखायचे असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तरी खरी भीती उन्हापेक्षा गोठण्याची असते, कारण कावीळ-बी किंवा ही कर्करोगाची लस एकदा गोठली की कामातून गेली. म्हणून आइसपॅक फ्रीजरमधून काढून तसेच लस वाहकात ठेवत नाहीत. ते ओट्यावर मांडून ठेवायचे, मग एकेक कानाशी धरून हलवायचा आणि आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायचा. मी हे हजारो वेळा केले आहे. नियमित कार्यक्रमातील कुपीवर एक वर्तुळ असते आणि त्यात एक चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर कुपी वापरायची, रंग सारखा झाला की फेकायची. हे ओळखायला शिक्षण लागत नाही. बैठकीत एक कुपी हातोहात फिरवा.

---

चोरबीटी

शीतसाखळी साहेबांनी मंजुरीचा रस्ता चांगला सांगितला, पण आमच्या भागात माणूस त्या रस्त्याने विश्वासापर्यंत जात नाही. मी अकोट तालुक्यातला शेतकरी आहे. जून २०१९ मध्ये याच तालुक्यात शेतकऱ्यांनी जाहीरपणे, पोलिसांना सांगून, तणनाशक सहन करणारे बिनपरवान्याचे कपाशी बियाणे पेरले. त्या बियाण्याला कोणत्याही समितीची मंजुरी नव्हती, पिशवीवर कंपनीचे खरे नाव नव्हते, पावती मिळत नव्हती आणि तरीही दर खरिपात लोक ते शोधत फिरत होते. तीच माणसे मंजूर लसीला नाही म्हणत होती! त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझे म्हणणे असे की ते दोन्ही वेळी एकाच रीतीने वागले. चोरबीटी (म्हणजे हेच बिनपरवान्याचे बियाणे) त्यांनी शेजाऱ्याच्या वावरात बांधावरून पाहिली होती, निंदणाचा खर्च किती वाचला ते त्याच्या तोंडून ऐकले होते. लसीचे असे काही बांधावरून दिसत नाही. ती लागू पडली तर दिसण्यासारखे काहीच उरत नाही, आणि ही कर्करोगाची लस तर बारा वर्षांच्या मुलीला आज टोचायची आणि फळ तिच्या चाळिशीत.

दुसरे, बीटीला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला, असेच आम्हाला सांगण्यात आले होते. काही वर्षे तो मिटलाही. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पचवू लागली आणि २०१७ मध्ये तिने कपाशी पोखरली. फवारणीने माणसे मेली तेही हेच वर्ष. तंत्र मंजूर करताना सगळे येतात, ते थकले हे सांगायला कोणी येत नाही, हा आमचा अनुभव आहे. म्हणून लसीबद्दलही लोकांना मंजुरीच्या आधीपेक्षा नंतरची गोष्ट ऐकायची असते. कोण लक्ष ठेवते, आणि काही चुकले तर आम्हाला कोण सांगते?

सर, रागावू नका, पण गावात पहिला प्रश्न हाच येईल. तुमची मुलगी किती वर्षांची आहे?

---

नोंदवही

‘नंतर कोण सांगते’ या प्रश्नापुरतेच लिहितो. प्रतिकूल घटनांची नोंद ठेवणाऱ्या समित्या जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत आहेत. राष्ट्रीय समितीने मे २०२१ मध्येच जाहीर केले होते की कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांचे संभाव्य प्रकार दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके आढळले. ही माहिती दिल्लीतून निघाली, पण तुमच्या-माझ्या गावात आली नाही. परिणामी एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनमधील न्यायालयात मूळ कंपनीने तोच दुर्मीळ दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा तीन वर्षे लपवलेले उघडकीस आले असे लोकांना वाटले. ज्या माणसाला २०२१ मध्ये ‘काही होत नाही’ असे सांगितले गेले होते, त्याला तसे वाटण्यात त्याची चूक नाही.

मंजुरीतही सगळे सुरळीत झाले, असे सांगू नये. ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या परिणामकारकतेचे आकडे हाती नव्हते. ‘चाचणीच्या स्वरूपात’ असा शब्दप्रयोग करून ती देण्यात आली. त्याच सुमारास फायझरकडे भारतातील चाचणीची मागणी झाली आणि फेब्रुवारीत त्या कंपनीने अर्ज मागे घेतला. पुढे कोव्हॅक्सिनची परिणामकारकता ७७.८ टक्के निघाली, म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण झाला, पण उत्तरपत्रिका तपासण्याआधी निकाल लागला होता. शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको. महामारीत असा निर्णय घेणे योग्य होते असे म्हणता येईल (मी स्वतः तसे म्हणतो), मात्र ते उघडपणे म्हणावे लागते.

तुमच्या विषयाशी थेट जोडलेली एक गोष्ट आहे. याच कर्करोगावरील लसींचा प्रकल्प २००९ मध्ये तत्कालीन आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे राबवला गेला. काही मुलींच्या मृत्यूनंतर तो २०१० मध्ये थांबला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, परंतु वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वॉर्डनने सह्या केल्याचे समोर आले आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. तेव्हा सर, कोणी कितीही घाई केली तरी पालकांच्या जागी तुम्ही सही करू नका. लस घेण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. हे बैठकीत आपण होऊन सांगितले तर लोक उठून जातील, अशी भीती अनेकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे.

---

उपकेंद्र

मी मेळघाटात परिचारिका आहे. वरचे सगळे वाचले, कायद्याचे मला फार कळत नाही, पण ‘काही होत नाही’ हे वाक्य मीही वर्षानुवर्षे वापरले आणि त्याची किंमत मोजली. एका पाड्यावर दीड महिन्याच्या बाळाला लस दिली आणि आईला तेच वाक्य ऐकवले. रात्री बाळ तापाने फणफणले. घरच्यांनी भुमकाला, म्हणजे पाड्यावरच्या वैदूला, बोलावले आणि पुढच्या दोन सत्रांना त्या पाड्यावरून एकही आई आली नाही. आता मी आधीच सांगते की आज रात्री ताप येईल, मांडीवर गाठ येईल, हे औषध इतके द्यायचे, आणि सकाळी मी किंवा आशाताई दारात येऊ. ज्या सकाळी आम्ही खरोखर दारात उभ्या राहिलो, त्यानंतर कोणी नाही म्हटले नाही. २०२१ मध्ये इथे ‘सुई घेतली की माणूस मरतो’ असे पसरले होते, तेव्हाही कोरकू भाषेत, चुलीजवळ बसून बोलल्यावरच माणसे हलली. ध्वनिक्षेपकाचा उपयोग झाला नाही.

मोठ्या मुलींच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. सुईच्या भीतीने त्यांना चक्कर येते आणि एक पडली की रांगेतल्या चौघी पडतात. अर्धा तास बसवून ठेवायचे ते त्यासाठीही. पोटात काही घालून यायला सांगा, रांग दिसणार नाही असे बसवा.

आणि हो, जानेवारी २०२१ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले, हे लोक विसरलेले नाहीत. लेकरे बरी झाली. लस निर्दोष होती, हात चुकले होते. तो विषय निघाला तर टाळू नका. कुपीवरचे नाव पालकाला वाचून दाखवूनच सुई भरायची, अशी सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे.

---

पांदण

सर्वांचे मनापासून आभार. चोरबीटी भाऊ, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. सत्र लागेल तेव्हा पहिल्या खुर्चीवर तीच बसेल, हे घरी ठरले आहे. तिला आधी विचारले, कारण नोंदवही यांचे वाचून माझीच मला शंका आली.

काल त्या ताईंच्या घरी गेलो होतो. फवाऱ्याच्या अटी काउंटरवर राहिल्या, हे त्यांच्या नवऱ्याला लगेच पटले. हातमोजे त्याला त्या वर्षी दवाखान्यातून आल्यावर मिळाले होते. आमच्या सिस्टरकडून मागून नेलेली रिकामी कुपी ताईंनी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि चौकोन काळा झाला तर ती कुपी कोण फेकते, फेकली हे कोण पाहते, असे विचारले. ते मला सिस्टरला विचारून सांगावे लागेल. होकार त्यांनी दिलेला नाही. मी निघालो तेव्हा मात्र म्हणाल्या, “अर्धा घंटा बसा लागते ना, मंग बुधवारी नोका ठेवू सर, बाजार असते त्या दिवशी.”