डेलियाभोवती अंड्याची टरफले : राखण की मनाचे समाधान?

कुंडीतला माळी (पुणे)

मागच्या आठवड्यात पर्णकुटीताईंनी ‘विषाशिवाय डेलिया’ या लेखात सांगितले होते की, कुंडीच्या कडेने अंड्याच्या टरफलांचा चुरा आणि कॉफीचा चोथा पसरावा, बाहेरून तांब्याची पट्टी चिकटवावी, म्हणजे गोगलगायी फिरकत नाहीत. शिवाय डेलियाचा खरा वैरी इअरविग हा पाकळ्या कुरतडणारा किडा असल्याने त्याला पकडायला काठीवर गवत भरलेली कुंडी उलटी टांगावी. त्यावर लिहिण्याचा माझा विचार नव्हता. परंतु काल सकाळी गच्चीवर गेलो, तेव्हा सप्टेंबरमध्ये आणलेल्या चौदा रोपांपैकी नऊ रोपांच्या जागी बोटभर खुंट उरले होते आणि टरफलांच्या चुऱ्यावरूनच चकाकणारा चिकट पट्टा थेट खुंटापर्यंत गेलेला होता. तांब्याची पट्टी मात्र जशीच्या तशी होती.

पहिली गोष्ट म्हणजे, इअरविग ही विलायतेतली डोकेदुखी आहे. माझ्या गच्चीवर एकवीस वर्षांत डेलियाला मावा लागला, लाल कोळी लागली, फुलकिडे लागले, अळ्यांनी कळ्या पोखरल्या, पण पाकळ्या कुरतडणारा इअरविग मी एकदाही पाहिलेला नाही. तिकडच्या मासिकातला सल्ला उचलून पुण्यात लावायचा, म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

दुसरी गोष्ट अशी की, या कुंपणांची परीक्षा झालेली आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसच्या रोपांभोवती तांब्याची पट्टी, खडी, पाइनच्या सालीचे आच्छादन, लोकरीच्या गोळ्या आणि अंड्याची टरफले असे पाच उपाय करून पाहिले आणि काहीच न केलेल्या रोपांच्या मानाने नुकसानीत फरक आढळला नाही. तिसरी गोष्ट मला कालच कळली. एक कुंडी उलटी केली, तर मुळांच्या गुंत्याखाली भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पंचवीस-तीस अंडी होती. शत्रू रोपवाटिकेच्या मातीतून आधीच घरात शिरला असताना आपण उंबऱ्यावर पट्टी चिकटवत बसलो होतो.

मी आता गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट कुंड्यांमध्ये पसरणार आहे, रात्री साडेनऊला विजेरी घेऊन त्याखालच्या गोगलगायी हातमोजे घालून वेचणार आहे आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकणार आहे. त्याशिवाय मेटाल्डिहाइड या गोगलगायींवरच्या विषाच्या गोळ्याही टाकल्या आहेत, हे लपवत नाही.

पर्णकुटी (नाशिक)

नऊ रोपे गेल्याचे दुःख मी समजू शकते, परंतु त्याचा राग माझ्या टरफलांवर काढण्याचे कारण समजले नाही. तीन वर्षे मी हाच उपाय करते आहे आणि तिन्ही वर्षे माझ्या अंगणातले डेलिया डिसेंबर-जानेवारीत ताटाएवढे फुलले आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावे, चहा मिळेल.

दुसरे असे की, ब्रिटनचा सल्ला पुण्यात चालत नाही, पण ब्रिटनमध्ये लेट्यूसवर झालेला प्रयोग मात्र पुण्यातल्या डेलियाला लागू पडतो, हा न्याय आपण कोठून आणला? आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता सांगितल्यासारखे, आपण विषाच्या गोळ्या टाकल्याचे लिहिले आहे. गोगलगाय हाही एक जीव आहे. तिला पाने खायची असतात, आपल्याशी वैर नसते.

थेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

माळीकाकांचे इअरविगबद्दलचे म्हणणे पुण्यापुरते खरे असेल, परंतु येथे जुलै ते सप्टेंबर हा प्राणी काय करतो, हे मी दरवर्षी पाहते. शेपटीला चिमटा असलेला, तपकिरी, नखाएवढा लांब किडा दिवसभर फुलाच्या पाकळ्यांत दडून बसतो आणि रात्री त्याच पाकळ्यांच्या कडा कुरतडतो. फूलदाणीत ठेवायला फूल कापून आणावे, तर जेवणाच्या टेबलावर चार जण बाहेर पडतात. माझी आई त्याला ‘घोण’ म्हणाली आणि आठवडाभर कानात कापूस घालून झोपली. घोण वेगळी, हा वेगळा, आणि तो कानातही जात नाही.

गवत भरून उलटी टांगलेली कुंडी येथे खरोखर उपयोगी पडते, मात्र ती रोज सकाळी झटकावी लागते. नाही झटकली तर आपण त्यांना धर्मशाळा बांधून दिलेली असते. मी झटकलेले इअरविग मारत नाही, सफरचंदाच्या झाडाखाली सोडते, कारण ते मावाही खातात. येथे डेलियाचे खरे नुकसान मेमध्ये होते. थंडी संपल्यावर कंदातून कोंब वर आला की, शंख नसलेल्या गोगलगायी तो एका रात्रीत जमिनीबरोबर सपाट करतात. मी कोंब वीतभर होईपर्यंत कंद कुंडीत, काचघरातच ठेवते.

आणि मेटाल्डिहाइड येथे ३१ मार्च २०२२ पासून उघड्यावर वापरता येत नाही. पक्षी आणि साळूसारखे दिसणारे हेजहॉग त्याने मरत होते.

शेपटीवाला (ठाणे)

मी डेलिया लावत नाही. तरीही लिहितो आहे, कारण मेटाल्डिहाइड हा शब्द वाचल्यावर गप्प बसवत नाही. आमच्या सोसायटीच्या बागेत कोणीतरी या गोळ्या उघड्यावर टाकल्या होत्या. त्यांत कोंड्यासारखे खाद्य असते, त्यामुळे कुत्र्याला त्या बिस्किटासारख्या वाटतात. माझा आठ वर्षांचा लॅब्रॅडोर सकाळी फिरून आला, अर्ध्या तासात थरथरू लागला, मग झटके सुरू झाले आणि त्याचे अंग तव्यासारखे तापले. पशुवैद्यांनी सांगितले की, यावर उतारा नाही. झटके थांबवायचे आणि वाट पाहायची. संध्याकाळी तो गेला. फुलांसाठी हे करणाऱ्या माणसाला माळी म्हणावे का, एवढेच विचारतो. या गोळ्यांवर आपल्याकडेही सरसकट बंदी हवी.

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

कुत्रा गेला हे वाईट झाले. परंतु ‘सरसकट बंदी’ हा शब्द गच्चीवरून आणि सोसायटीच्या बागेतून फार सहज निघतो. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायीने उगवते सोयाबीन फस्त केले, तेव्हा मी तीन एकर दोनदा पेरले आहे. संध्याकाळी हिरव्या दिसणाऱ्या ओळीत सकाळी नुसती दांडी उभी असायची. आम्ही घरातली सहा माणसे पहाटे चार वाजता घमेली घेऊन बांधावर वेचायला जात होतो. चुन्याचा पट्टा ओढला, तर पहिल्या सरीने त्याचा चिखल झाला. सरकारची मदत जाहीर झाली, पण तोवर बी-बियाण्याची उधारी डोक्यावर बसली होती.

पर्णकुटीताईंनी जीवदया दाखवली, म्हणून सांगतो की हा आपल्या मातीतला जीवच नाही. पूर्व आफ्रिकेतली ही गोगलगाय बेन्सन नावाच्या हौशी इंग्रजाने १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यात आणली आणि चौरंगीतल्या एका बागेत सोडली. एका साहेबाची हौस आम्ही आजही वेचतो आहोत. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही.

शेपटीवाला (ठाणे)

मी सोयाबीनबद्दल बोललोच नव्हतो. चौदा कुंड्यांच्या गच्चीवर विष टाकण्याचे समर्थन करायला शेतकऱ्याचे कष्ट पुढे करायचे, ही पद्धत मला मान्य नाही. तुमच्या शेतात काय टाकायचे ते तुम्ही ठरवा, पण माणसांची आणि जनावरांची ये-जा असते तेथे हे विष कशाला?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

आमच्या शेतात ये-जा नसते, असे आपल्याला कोणी सांगितले? माझ्याही दारात कुत्रा आहे, दोन म्हशी आहेत. गोळ्या टाकल्या त्या आठवड्यात कुत्रा साखळीला होता आणि म्हशींना बांधावर जाऊ दिले नाही. गोळी उघड्यावर भिरकावायची नसते. फुटक्या कौलाखाली किंवा नारळाच्या करवंटीखाली थोडी थोडी ठेवायची असते आणि सकाळी उरलेली व मेलेली दोन्ही गोळा करून खोल पुरायची असतात. हे न करणारा तो तुमच्या सोसायटीतला माणूस दोषी आहे. दोषी त्याला धरा, आमच्या हातातले एकुलते औषध काढून घेऊ नका.

शेपटीवाला (ठाणे)

साखळी आणि करवंटी हे उपाय प्रत्येक जण पाळेल, यावर विश्वास ठेवण्याइतका मी आता भोळा राहिलेलो नाही. बंदीबद्दलचे माझे मत तेच आहे. आपल्या दोन पेरण्यांबद्दल मात्र मला खरोखर माहीत नव्हते, तेवढे मान्य करतो.

कुंडीतला माळी (पुणे)

मूळ प्रश्न डेलियाचा होता, याची आठवण करून देतो, आणि माझ्याच अंगावर येणारी एक गोष्ट कबूल करतो. गोळ्या टाकल्याच्या दुसऱ्या रात्री पाऊस झाला. सकाळी गोळ्यांची लापशी झाली होती आणि आदल्या दिवशी फेसाळून निपचित पडलेल्या गोगलगायींपैकी काही ओल मिळताच पुन्हा चालू लागल्या होत्या. हे विष त्यांच्या अंगातले पाणी घालवून मारते. पाणी परत मिळाले की त्या सावरतात. म्हणजे गोगलगायींना हवी असते त्या ओल्या हवेत हे विष निकामी, आणि कोरड्या दिवसात घातक, तेही शेजारच्या मांजराला. उरलेल्या गोळ्या मी डब्यात बंद करून कपाटात कुलपात ठेवल्या आहेत. शेपटीवाले यांनी याला विजय समजावे, माझी हरकत नाही.

गोणपाटाखाली मात्र पहिल्या रात्री सदतीस सापडल्या. पर्णकुटीताईंना विनंती आहे की, त्यांनी एकदा रात्री दहाला विजेरी घेऊन आपल्या अंगणात जावे आणि मग टरफलांबद्दल बोलावे. मिठाचे पाणी कुंडीत किंवा कुंडीजवळ कोणी ओतू नये, कारण गोगलगाय मरते आणि मागोमाग माती खारी होऊन रोपही बसते. हे मी पाच वर्षांपूर्वी दोन चांगले कंद घालवून शिकलो आहे.

पर्णकुटी (नाशिक)

आव्हान दिले म्हणून गेले. टरफलांच्या आत अकरा गोगलगायी होत्या. त्यांतली एक पानाकडे न जाता टरफलाच्या तुकड्यावरच बसून तो खरवडून खात होती. चुना मिळत असावा; शंख मजबूत होत असेल. मी तीन वर्षे त्यांना खाऊ घालत होते, हे आपल्याला ऐकायचेच असेल, तर ऐका.

तरीही माझे डेलिया फुलले, हे खरेच आहे. कारण बहुधा असे की, माझ्याकडे पहाटे भारद्वाजाची जोडी येते आणि अंगणाच्या कडेला दगडावर फुटके शंख पडलेले असतात. ही गोष्ट गच्चीवर होणार नाही, एवढे मान्य. विष मी टाकणार नाही आणि बादलीतही बुडवणार नाही. अकरा जणींना डब्यात भरून ठेवले आहे आणि त्यांचे काय करावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

फक्त नदीकाठी नेऊन सोडू नका, ताई. प्रत्येकीच्या पोटात शेकड्यांनी अंडी असू शकतात, आणि त्या काठाला कोणाचे तरी शेत असते.