एंगेज, व्यस्त की बिझी? ऑफिसच्या फोन यंत्रणेतले शब्द

नोंदवही: ईपीएबीएक्सच्या (ऑफिसातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या) सेटिंग्जची पुस्तिका मराठीत लिहिते आहे. ‘बिझी टोन’ आणि ‘कंजेशन टोन’ दोन्हींना ‘व्यस्त संकेत’ म्हटलं तर चालेल का?

खटपट्या: अजिबात नाही. बिझी म्हणजे समोरचं एक्स्टेंशन दुसऱ्या कॉलवर आहे. कंजेशन म्हणजे कॉल तिथवर पोचलाच नाही, ट्रंक, म्हणजे बाहेरच्या लाइन, भरल्यात. कानालाही फरक कळतो. भारतीय टोनमध्ये दोन्ही ४०० हर्ट्झचे, पण बिझी ७५० मिलिसेकंद वाजतो आणि ७५० थांबतो, कंजेशन २५०-२५०. सिपमध्ये (इंटरनेटवरून कॉल जोडायच्या पद्धतीत) पहिल्याला ४८६ हा उत्तराचा कोड, दुसऱ्याला बहुधा ५०३. दोन्हींना एकच शब्द दिलात तर ट्रंक कमी पडत असताना वाचणारा एक्स्टेंशनची सेटिंग्ज उकरत बसेल.

काना_मात्रा: शिवाय मराठीत ‘व्यस्त’ म्हणजे उलट, जसं व्यस्त प्रमाण. कामात असलेला हा अर्थ हिंदीतला. ‘व्यग्र’ माणूस असतो, लाइन नव्हे. बोलताना सगळे ‘एंगेज लागतोय’ म्हणतात, तेच लिहा. कंजेशनला ‘मार्ग भरल्याचा टोन’. लांब आहे, पण चुकीचा अर्थ तरी निघत नाही.

नोंदवही: पटलं. एक्स्टेंशनवर बोलणं चालू असतानाही बाहेरच्याला रिंगच ऐकू येते, ही तक्रार कशात घालू?

खटपट्या: मथळा सरळ ‘एंगेज लागत नाही’ असा द्या. बहुतेकदा कारण कॉल वेटिंग. दुसरा कॉल फोन आत घेतो, म्हणून तिकडे रिंग जाते. फोनच्या सेटिंगमध्ये ते बंद केलं की फोन स्वतःच ४८६ पाठवतो. तरीही रिंग येत असेल तर ‘बिझी असताना फॉरवर्ड’ तपासा, कॉल व्हॉइसमेलकडे किंवा दुसऱ्या एक्स्टेंशनला वळत असतो. आणखी एक मेख: आयव्हीआरने (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणाऱ्या यंत्रणेने) कॉल आधीच उचललेला असेल तर ४८६ पाठवून उपयोग नसतो. तिथे टोन यंत्रणेलाच वाजवावा लागतो. ॲस्टेरिस्क या फोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बिझी’ या आज्ञेला सेकंदांची मर्यादा द्या, १० पुरेत. नाहीतर समोरच्याने फोन ठेवेपर्यंत चॅनल अडकून राहतो.

काना_मात्रा: ‘बिझी डिटेक्ट’ला मात्र एंगेज म्हणू नका हं. तिथे अर्थ फिरतो.

खटपट्या: बरोबर. ॲनालॉग लाइनवर पलीकडच्याने फोन ठेवला की एक्स्चेंज टोन वाजवतं आणि तो ऐकून यंत्रणा लाइन सोडते. म्हणजे इथला बिझी ‘ठेवला’ असं सांगतो. याला ‘फोन ठेवल्याची ओळख’ म्हणा. सेटिंगमध्ये टोनचा नमुना ५००-५०० भरलाय आणि लाइनवर ७५०-७५० येतोय, तर टोन ओळखला जात नाही, लाइन अडकून राहते. बिझी काउंट, म्हणजे किती टोन ऐकल्यावर लाइन सोडायची तो आकडा, फार कमी ठेवला तर बोलण्यातलेच आवाज टोन समजून चालू कॉल तुटतो. ४ पासून सुरुवात करा, कॉल तुटत असतील तर ६ किंवा ८ करा. आकडा वाढवला की लाइन सुटायला तेवढा उशीर लागतो, हेही पुस्तिकेत लिहा.