टोकियो : आई-बाबांना घेऊन जायचंय, राहावं कुठे आणि आईने खावं काय? मदत हवी आहे

चाफेकळी

नमस्कार मंडळी. मार्च संपता संपता आई-बाबांना टोकियोला न्यायचं चाललंय, साकुरा म्हणजे चेरीचा बहर बघायचा ही आईची फार जुनी इच्छा. क्योटो-ओसाका मुद्दाम गाळलंय, बाबांचे गुडघे दुखतात आणि दर दोन दिवसांनी बॅगा भरायला लावणं मला पटत नाही, त्यामुळे एकच शहर, एकच हॉटेल, निवांत. म्हणूनच जेआर पासच्या (जपानभर रेल्वेने फिरायचा पास) भानगडीत पडत नाहीये, २०२३ च्या ऑक्टोबरात ७ दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० वर गेला, शहरातल्या शहरात तो वसूल होणं शक्यच नाही. भारतीयांना २०२४ पासून ई-व्हिसा मिळतो, त्याचे कागद जमवतेय.

अडलंय ते पुढे.

राहायचं कुठे? एक मैत्रीण म्हणते निशी-कासाईला राहा, भारतीय वस्ती आहे, किराणा-हॉटेलं सगळं मिळेल. दुसरी म्हणते उएनो सोडून कुठेच नको. बाबा सपाटीवर बरंच चालतात पण जिना उतरताना त्रास होतो, तर स्टेशनांवर लिफ्ट खरंच असतात का की शोधत फिरावं लागतं?

दुसरं खाणं. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिने आठवडाभर ठेपल्यांवर काढावा असं मला अजिबात वाटत नाही, तिलाही तिथलं काहीतरी चाखायला मिळावं.

तिसरं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, बाबांना रेन्कोजीला जायचंय. नेताजींच्या अस्थी जिथे ठेवल्यात असं मानतात ते मंदिर. बाकी काही दाखवलं नाहीस तरी चालेल पण तेवढं दाखव म्हणाले. कोणी जाऊन आलंय का? आत जाता येतं का?

आणि बाबांची बीपी-शुगरची औषधं न्यायला काही परवानगी लागते का? लवकर सांगा प्लीज, हॉटेलचे भाव रोज चढतायत.

सुमीदाकाठ

ताई, मी इथेच राहतो, सांगतो एकेक.

उएनोच घ्या. नारिता विमानतळावर उतरलात तर स्कायलायनर ट्रेन थेट उएनोला आणते, पाऊण तासाच्या आत, मध्ये कुठे बदलायची गरज नाही आणि साकुराचं मोठं पार्क समोरच. तिथल्या शिनोबाझु तळ्यात मधोमध बेन्तेन्दो मंदिर आहे, बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, आईंना नक्की आवडेल. निशी-कासाई वाईट नाही पण तिथल्या तोझाई मेट्रो लाइनला सकाळची गर्दी भयानक असते, साडेसात ते नऊ बाबांना घेऊन त्या गाडीत चढूच नका. किराणा आणायला किंवा इडली-डोसा खायला एखादी दुपार जाऊन या, तेवढं पुरे.

लिफ्ट जवळपास सगळीकडे असते, पण बऱ्याच स्टेशनांवर ती एखाद्या ठरावीक एक्झिटलाच असते आणि लोक नेमके भलत्याच टोकाला बाहेर पडतात. गूगल मॅप्समध्ये व्हीलचेअरचा पर्याय लावून रस्ता काढा, मग तो लिफ्टवालाच रस्ता दाखवतो, थोडा लांबचा असला तरी. शिंजुकु शक्यतो टाळा, तिथे २०० च्या वर एक्झिट आहेत. ओएदो लाइन पण टाळा, फार खोल आहे, रोप्पोंगीचा एक फलाट तर जमिनीखाली ४२ मीटरवर. त्यापेक्षा तोएईच्या (शहर सरकारच्या) बस वापरा, पायरी नसते, फुटपाथवरून सरळ आत. ज्येष्ठांच्या जागा वेगळ्या असतात आणि गाडी थांबेपर्यंत उठू नका असं ड्रायव्हरच सांगतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची घाई होत नाही.

ट्रेन-बसच्या भाड्यासाठी सुइका कार्ड घ्या. चिपच्या टंचाईमुळे २०२३ ला विक्री थांबली होती, २०२५ च्या मार्चपासून परत मिळतंय. आयफोन असेल तर फोनमध्येच घेता येतं, पण आपल्याकडच्या अँड्रॉइडवर चालत नाही, त्यामुळे प्रत्येकाचं वेगळं प्लास्टिकचं कार्ड घ्या.

रेन्कोजी सुगिनामी भागात आहे, मारुनोउची लाइनचं हिगाशी-कोएन्जी स्टेशन, तिथून थोडं चालायचं. अगदी घरांच्या गल्लीत छोटंसं शांत देऊळ आहे. मुख्य गाभारा एरवी बंद असतो, १८ ऑगस्टला स्मरणाचा कार्यक्रम असतो तेव्हा उघडतात. पण अंगणात नेताजींचा अर्धपुतळा आहे आणि राजेंद्रप्रसाद, नेहरू, इंदिरा गांधी येऊन गेले त्यांचे शब्द कोरलेत, ते निवांत वाचता येतात. बाबांना आधी सांगून ठेवा म्हणजे तिथे जाऊन हिरमोड व्हायचा नाही. स्टेशन बदलण्यात दमतील असं वाटलं तर नाकानोपर्यंत ट्रेनने जा आणि पुढे टॅक्सी करा, अंतर फार नाही.

पाटावरवंटा

खाण्याचं मी सांगते, माझी सासूबाई पण अशाच. मुख्य अडचण दाशीची, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रसाची. सूप, मिसो, सोबा-उदोन नूडल्स, भाज्यांवरचा रस, सगळ्यात सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं, त्यामुळे दिसायला नुसती भाजी आणि तोफू असला तरी विचारायचंच. "मांस नको" एवढं म्हटलं तर मासे चालतात असं धरतात, म्हणून मांस, मासे, अंडं आणि दाशी चारही नको असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत टीज तानतान आहे, पूर्ण व्हीगन रामेन, तिळाचा घट्ट रस्सा असतो, सासूबाईंनी वाडगा चाटूनपुसून संपवला. देवळातलं शोजिन जेवण (बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी) पण एकदा खाऊ घाला, पण दाशी कशाची ते बुक करतानाच विचारा. कोन्बिनीतल्या (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातल्या) ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यांत, उमेबोशीवाल्याला (खारवलेलं आंबट फळ) सुद्धा कधी कधी माशाचा अर्क असतो, पाकीट कॅमेऱ्याने ट्रान्सलेट करून बघत जा.

औषधं महिनाभराची असतील तर साधारण परवानगी लागत नाही, जास्त असतील तर आधी अर्ज करून युन्यु काकुनिनशो म्हणजे औषध आणायचं प्रमाणपत्र काढावं लागतं. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत घ्या, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. सर्दीच्या गोळ्या मात्र नीट तपासा, स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असेल तर नेताच येत नाही. आणि फळं, ताज्या भाज्या घेऊन जाऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

चाफेकळी

किती नीट सांगितलंत दोघांनी, खूप खूप आभार. उएनो पक्कं. बाबांना गाभाऱ्याचं सांगितलं, म्हणाले अंगणात उभं राहता आलं तरी पुष्कळ झालं.

सुमीदाकाठ, अजून एकच, अंगणात फुलं वाहिलेली चालतात का आणि जवळपास फुलवाला आहे का? आणि दाशीवालं ते कार्ड कोणाकडे जपानीत तयार असेल तर इथेच टाका ना, मी प्रिंट काढून आईच्या पर्समध्येच ठेवते.