'एकूण' दिसलं की बेरीज: हा तक्ता वर्गातून काढायचा का?

रेघोटी (धागाकर्ती):
शाब्दिक उदाहरणं सुरू झाली की भिंतीवर एक तक्ता चढतो. 'एकूण', 'मिळून', 'जास्त' म्हणजे बेरीज. 'उरले', 'कमी' म्हणजे वजाबाकी. 'प्रत्येकी' म्हणजे भागाकार. माझं स्पष्ट मत: हा तक्ता काढावा.

हे गणित बघा. 'राधाकडे १२ पेन्सिली आहेत. त्या मीराच्या पेन्सिलींपेक्षा ५ने जास्त आहेत. मीराकडे किती?' तिसरीतलं पोर 'जास्त'खाली रेघ मारतं, १७ लिहितं आणि पुढच्या गणिताकडे वळतं. जास्त पेन्सिली राधाकडे होत्या, उत्तरात त्या मीराकडे गेल्या, याचं त्याला काही वाटत नाही. वाटेल कसं? त्याने गणित वाचलेलंच नाही, शब्द हुडकला.

फ्रान्समध्ये १९८०च्या सुमारास मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? बहुतेकांनी आकड्यांची खटपट करून वय काढून दिलं! मला हसू येत नाही यावर.

खडूवाला:
असहमत. तक्ता काढा म्हणायला काय जातं? माझ्या वर्गात अक्षर लावून लावून वाचणारी मुलं आहेत. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. त्यांना धरायला एक शब्द तरी मिळतो. तोही काढला तर वही कोरी राहणार.

रेघोटी:
@खडूवाला, वाचनाची अडचण खरी आहे, पण तिच्यावर तक्ता हा इलाज नाही. गणित तुम्ही वाचून दाखवा, तेही आधी आकडे झाकून. 'राधाकडे काही पेन्सिली आहेत, मीरापेक्षा थोड्या जास्त. कमी कोणाकडे?' आकडेच नसले की मुलांना करायला काही उरत नाही, मग ती ऐकतात. दोन पट्ट्या काढायला सांगा, एक लांब, एक आखूड. आकडे त्यानंतर उघडा.

शून्यसंपन्न:
रेघोटीताईंना +१. तक्त्याच्या जोडीला आणखी दोन नियम हद्दपार करा. 'लहान संख्येतून मोठी वजा होत नाही' आणि 'दहाने गुणलं की शून्य लावा'. दुसऱ्याने २.५ × १० = २.५० होतं, म्हणजे संख्या जागच्या जागी.

बरोबरच्या चिन्हाचंही तेच. ८ + ४ = □ + ५. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (१९९९ साली प्रसिद्ध) हे सहावीच्या १४५ मुलांना दिलं, तर झाडून सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिलं. चौकटीत ७ हवेत. वर्षानुवर्षं चिन्हाच्या उजवीकडे फक्त उत्तर लिहून घेतलं की '=' म्हणजे 'आता उत्तर लिही' असंच डोक्यात बसतं. कधीतरी १२ = ८ + ४ असं उलटं लिहायला कोणी अडवलंय?

पाढेपंडित:
उलटं लिहा, हरकत नाही. पण पहिलीतल्या मुलापुढे ऋण संख्या मांडणार का? प्रत्येक इयत्तेचं आपलं सत्य असतं, पुढे ते दुरुस्त होतं. शिवाय 'समजून घ्या'च्या नादात पाढे सुटले त्याचं काय? पाचवीतलं मूल सात आठे काढायला बोटं मोजतं. भागाकाराच्या मधोमध हे मोजणं सुरू झालं की आपण कुठल्या पायरीवर होतो तेच विसरतं. अर्थ समजायलाही डोक्यात जागा मोकळी लागते.

शून्यसंपन्न:
ऋण संख्या शिकवा असं कोण म्हणालं? 'होत नाही'ऐवजी 'ते पुढे शिकू' म्हणा, एवढंच. पाढे पाठ हवेत, मान्य. घड्याळ लावून घेऊ नका. वेळ संपत आली की येत असलेलाही पाढा अडतो.

पाढेपंडित:
घड्याळाशिवाय वेग येत नाही. इथे आपलं जमणार नाही.

खडूवाला:
आकडे झाकायचा प्रकार सोमवारी करून बघतो. पण परीक्षेत मुलाने दोन ओळी विचार करून चुकीचं लिहिलं तर शून्य, आणि शब्द हुडकून बरोबर आलं तर पूर्ण गुण. तोवर तक्ता भिंतीवरच. फार तर 'जास्त-कमी' खोडतो. 'एकूण' आणि 'प्रत्येकी' राहतील, ते दगा देत नाहीत.

रेघोटी:
'६ मुलांना प्रत्येकी ४ वह्या दिल्या. एकूण किती वह्या लागल्या?' तुमचे दोन्ही शब्द एकाच गणितात आहेत. तक्ता बघून सांगा, बेरीज की भागाकार?