बेल वाजली की 'कौन?' आठवतो : कमी पैशातले हिंदी सस्पेन्स आणि तुमचे अनुभव

खिडकीपाशी
परवा रात्री साडेअकराला लाइट गेले. नवरा नाशिकला, लेक हॉस्टेलवर, पाऊस असा की समोरची बिल्डिंग दिसेना. आणि बेल वाजली. एकदाच. मी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसले आणि डोक्यात एकदम 'कौन?'.

फेब्रुवारी १९९९. कॉलेजचं पहिलं वर्ष, परीक्षा तोंडावर. आदल्या वर्षी 'सत्या' बघून आम्ही चौघी वेड्या झालेल्या. इथे पुन्हा तोच रामगोपाल वर्मा, तीच उर्मिला, तोच मनोज बाजपेयी, तोच सुशांत सिंग, लेखनात अनुराग कश्यप, संगीत संदीप चौटाचं. म्हणजे 'सत्या'तला मनोजचा भिकू म्हात्रे परत भेटणार या आशेने गेलो. भेटला कोण, तर दारात भिजत उभा राहून मल्होत्रांचं घर विचारणारा, दर वाक्याला मॅडम मॅडम करणारा एक चिकट माणूस! एक घर, तीन माणसं, एक मांजर, गाणं एकही नाही, दीड तासात खेळ खलास. बाहेर आल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "अर्धे पैसे परत मागू या."

काल मुद्दाम पुन्हा पाहिला. पहिला अर्धा तास अजून जबरदस्त आहे. टीव्हीवर खुन्याची बातमी, बाई घरात एकटी, बेल थांबत नाही आणि दार उघडायचं की नाही एवढाच प्रश्न. त्यावर अर्धा तास ताणून धरायला नट लागतात, पैसे नाही. पण पुढे तिघं एकमेकांवर संशय घेत नुसती घरभर फिरतात, तिथे मी चक्क भेंडी निवडून घेतली. आणि ते पार्श्वसंगीत! मांजराने उडी मारली तरी पत्र्याचं गोदाम कोसळल्यासारखा आवाज.

तुमचेही असे अनुभव लिहा. शेवट फोडला तरी चालेल, पंचवीस वर्षं उलटून गेलीत.

सव्वानऊची लोकल
लाइट गेले होते तर बेल वाजली कशी?

ठेचा
😂 धाग्याच्या पहिल्याच सीनमध्ये पटकथेला भोक

खिडकीपाशी
सेलवरची आहे रे बाबांनो. रिमोटची. घरी या, दाखवते.

कुकरची शिट्टी
आमच्याकडे केबलवाल्याने लावला होता, दुपारी, प्रिंट अशी की तीन माणसांच्या जागी सहा दिसायची. आई पोळ्या लाटत लाटत बघत होती. मनोज बाजपेयी नाव सांगतो ना, समीर पूर्णवाले, तर आई म्हणाली पुरणवाले? मग एवढ्या पावसात पोळ्या विकायला आलाय का. तेव्हापासून आमच्या घरी दारावर कोणी सेल्समन आला की पुरणवाले आले. बाकी नंतर लिहिते, तिसरी झाली

मधुमालती
खिडकीपाशी, बेल कोणी वाजवली होती ते तू सांगितलंच नाहीस गं.

तिसरी घंटा
मला या सिनेमाचं कौतुक वेगळ्या कारणाने. आम्ही एकांकिका करणारी माणसं. एक घर, तीन पात्रं म्हणजे आमचाच संसार. जागा बदलली की दिवे हलवा, सामान हलवा, टेम्पो लावा, परवानगी काढा, चाळीस माणसांना पुन्हा जेवू घाला. खर्च तिथेच होतो. एका बंगल्यात बसलं की ते सगळं वाचतं. शिवाय बाहेर पाऊस ठेवला की खिडकीपलीकडे काही दाखवावंच लागत नाही. पडद्यावरचा पाऊस म्हणजे बहुतेक वेळा टँकर आणि भोकं पाडलेले पाइप, तो काही फुकट नसतो. पण त्या एका खर्चात रस्ता, शेजार, वर्दळ सगळं पुसून टाकता येतं. मझहर कामरानचा कॅमेरा बघा, त्याच त्या जिन्यावरून आणि त्याच खोल्यांतून दीड तास फिरतो, तरी घराचा नकाशा आपल्याला पुरता कळत नाही. हे मुद्दाम केलंय.

आता आमची गंमत. १९९१. आम्हीही एक सस्पेन्स एकांकिका बसवली होती. सगळा डोलारा बेलवर. नायिका एकटी, बेल वाजते, ती दचकते. बेल वाजवायचं काम विंगेतल्या एका मित्राकडे, लाकडी फळीवर बसवलेलं बटण आणि दोन वायरी. प्रयोगाच्या दिवशी नायिका स्टेजवर, प्रेक्षक गप्प, आणि बेल नाही. ती बिचारी उशा नीट करतेय, फुलदाणी पुसतेय, पडदे सरकवतेय. शेवटी न वाजलेल्या बेलला दचकली आणि दार उघडायला गेली. तेवढ्यात मागून बेल वाजली. मित्र वडापाव आणायला गेला होता. प्रेक्षक इतके हसले की परीक्षकांनी आम्हाला विनोदी विभागात धरलं असतं.

ठेचा
काका 🙏🙏 फुलदाणी पुसतेय

सव्वानऊची लोकल
मी इथे थोडा वाईटपणा घेतो. 'कौन?' मला फसवाफसवी वाटतो. खुनी तीच, हे शेवटी कळतं. ठीक. मग सुरुवातीला घरात कोणीही नसताना ती घाबरून कोणासाठी दाखवते? बघणारं कोणी नाही, फक्त आपण. म्हणजे ती आपल्याला फसवतेय. दिग्दर्शकाने फसवावं, पात्राने कॅमेऱ्यासाठी नाटक करू नये. इथे खरी पटकथा ढिली पडते आणि जोरात संगीत लावून ते झाकलंय.

खिडकीपाशी
नाही पटत. ती नाटक करत नाहीये, तिला खरंच भीती वाटतेय. आईशी फोनवर बोलते ते आठव. तो फोन मुळात बंद असतो हे शेवटी कळतं. म्हणजे तिच्या डोक्यात आई आहे, खुनी बाहेर आहे, आणि ती बिचारी आत आहे. काल दुसऱ्यांदा बघताना मी फक्त तिचे डोळे बघत होते. बेल वाजते तेव्हा भीती आहेच, पण थोडी वाट बघितल्यासारखंही आहे. पहिल्यांदा हे दिसलंच नव्हतं मला.

सव्वानऊची लोकल
हे तू तिच्यासाठी लिहिलंस. सिनेमात कुठे आहे?

खिडकीपाशी
उर्मिलाच्या चेहऱ्यावर आहे. पटकथेत नसेल, हे मान्य.

सव्वानऊची लोकल
मग मार्क उर्मिलाला. चल, तडजोड. ठाणे आलं.

तिरफळ
मडगावहून. आमच्याकडे व्हिडिओ लायब्ररी होती कोपऱ्यावर, तिथून बाबा 'खामोश' घेऊन आले होते. विधू विनोद चोप्राचा. पहलगाममध्ये शूटिंगला गेलेलं एक युनिट, त्यात खून. शबाना आझमी, अमोल पालेकर, सोनी राजदान आपापल्याच नावाने काम करतात, म्हणजे नट नटाचीच भूमिका करतोय. मला तेव्हा हे कळलंच नाही, मला वाटलं खरंच शूटिंग चालू असताना काहीतरी झालं आणि कोणीतरी त्याची कॅसेट काढली! रात्रभर झोप नाही. अमोल पालेकर म्हणजे आमच्या घरातला लाडका माणूस, 'गोलमाल'वाला, आणि या सिनेमात त्याच्याकडेसुद्धा संशयाने बघायला लागत होतं याचा मला फार राग आला होता. खुनी कोण ते सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी बघा. वीक पॉइंट म्हणाल तर मधेच इतकी माणसं येतात की कोण कोणाचं हे कळेपर्यंत निम्मं रीळ संपतं. पण त्या हॉटेलचे रिकामे पॅसेज... तेव्हापासून हिल स्टेशनच्या हॉटेलात रूम नेहमी लिफ्टजवळची मागते.

कुकरची शिट्टी
तिरफळ, तिरफळं पाठव गं थोडी, इथे पुण्यात चांगली मिळत नाहीत

तिरफळ
पाठवते. बांगड्याच्या उडदमेथीला ना? अख्खी टाकायची, ठेचायची हलकीच, चावायची नाहीत.

मधुमालती
तुम्ही सगळी लहान आहात. मी 'इत्तेफाक' गिरगावात पाहिला, १९६९ मध्ये, मोठ्या बहिणीबरोबर. राजेश खन्नाचं ते वर्ष म्हणजे 'आराधना'चं. ताईने केस बांधले होते, पावडर लावली होती, गाणी ऐकायला निघाली होती. आणि पडद्यावर एक गाणं नाही! यश चोप्रांनी 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून काढलेला, जवळजवळ सगळा एका घरात, एका रात्रीत. ताई मध्यंतरापर्यंत वाट बघत होती की आता गाईल, आता गाईल. दाढी वाढलेला, डोळे तारवटलेला राजेश खन्ना बघून ती रडवेली झाली. मला मात्र नंदा आवडली. इतकी वर्षं सोज्वळ बहीण म्हणून पाहिलेली बाई, तिच्यावर कोण कशाला संशय घेईल? तिला घेतलं हीच खरी हुशारी, त्याला पैसा लागत नाही. इफ्तेकार अर्थातच इन्स्पेक्टर, तो दुसरं काय असणार.

दुबळी बाजू सांगायची तर वेडाच्या इस्पितळाचा भाग आज बघवत नाही. डॉक्टर लोक असं वागतात का कुठे. २०१७ मध्ये त्याच नावाचा नवा आला, तो नातवाने लावून दिला. अक्षय खन्ना चांगला. पण मला झोप लागली.

तिसरी घंटा
मधुमालतीताई, नंदाचं अगदी बरोबर बोललात. रहस्यकथेत निम्मं रहस्य पात्रनिवडीत असतं. उर्मिलाचंही तेच, 'रंगीला'तली मुलगी चाकू धरेल असं कोणाच्या मनात येणार? तीन नट कमी पैशात मिळाले तरी त्यांच्या आधीच्या भूमिका फुकट बरोबर येतात.

बर्फातला मावळा
इथे कॅनडात आमच्या घराला बेललाच कॅमेरा आहे. दारात कोण आहे ते ऑफिसात बसून फोनवर दिसतं. 'कौन?' आज काढला तर पाच मिनिटांत संपेल. "मॅडम, मल्होत्रा..." "नहीं रहते, जाइए." समाप्त.

ठेचा
आणि वर त्या दोघांचं फुटेज सोसायटीच्या ग्रुपवर

सव्वानऊची लोकल
आमच्या ग्रुपवर फुटेज आलं की आधी पार्किंगवरून भांडण सुरू होईल. खून नंतर.

ठेचा
माझा अनुभव. 'एक हसीना थी', २००४. श्रीराम राघवन, आपल्या पुण्याचा माणूस. यात परत उर्मिलाच. विषय थोडा वेगळा आहे पण तिथेही तेच, भपका नाही, माणसं पक्की. जेलमधला उंदरांचा प्रकार आठवतोय? तेव्हा मी कर्वे रोडला सहा जणांबरोबर एका खोलीत राहायचो, सिनेमा बघून आलो, रात्री पायावरून काहीतरी गेलं. मी किंचाळलो. सहाही उठले. चार्जरची वायर होती. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव हसीना. अजून त्यातला एक लग्नाच्या आमंत्रणाचा फोन आला की "हसीना, सहकुटुंब ये" म्हणतो. बायकोला काय सांगू.

खिडकीपाशी
हसीना 😭😭😭

कुकरची शिट्टी
परत आले. मला खरं तर वेगळंच लिहायचं होतं. मी 'कौन?' दुसऱ्यांदा पाहिला तो बाबांच्या आजारपणात, हॉस्पिटलातून घरी येऊन, रात्री दोन वाजता, एकटी. कुठल्यातरी चॅनलवर लागला होता. शेवट माहीत होता त्यामुळे भीती वाटली नाही. फक्त घरात अजून कोणाचा तरी आवाज चालू आहे एवढंच बरं वाटलं. त्यातली ती बेल सारखी वाजत होती आणि मला वाटत होतं, उघड गं, येऊ दे कोणीतरी. सिनेमाबद्दल काही नाही हे. सॉरी, वाहवत गेले.

मधुमालती
सॉरी कसलं. बाबा कसे आहेत आता?

कुकरची शिट्टी
२०११ मध्ये गेले काकू. पण तेव्हा घरी आले होते, वर्षभर छान होते. पुरणवाले जोक त्यांचाही आवडता.

तिसरी घंटा
🙏

सव्वानऊची लोकल
आज रात्री पुन्हा बघतो, फक्त डोळे. बायकोला विचारलं, बघतेस का, तर म्हणाली त्या माणसाचं मॅडम मॅडम ऐकून माझंच डोकं फिरतं, तिने मारलं तर काय चुकलं.

खिडकीपाशी
वहिनींना माझा नमस्कार. हेच तर मनोज बाजपेयीचं काम! आपल्यालाही तो नकोसा व्हायला हवा.

मधुमालती
अगं पण बेल कोणी वाजवली?

बर्फातला मावळा
हो ना, आम्ही अजून दारातच उभे आहोत

खिडकीपाशी
अय्या, राहिलंच. मी उघडलंच नाही दार. "कोण आहे?" एवढं विचारायलाही आवाज फुटेना. भिंगातून पाहिलं तर काळोख. थोड्या वेळाने जिन्यावरून चपलांचा आवाज खाली गेला. सकाळी दार उघडलं तर कडीला पिशवी, पिशवीत डबा, डब्यात अळूवड्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लाइट यायची वाट न बघता, मेणबत्तीच्या उजेडात तळून, जिना चढून आणून दिल्या होत्या, मी एकटी आहे म्हणून. गार होऊन चामट झाल्या होत्या. तव्यावर परतून खाल्ल्या. काकूंना सांगितलं की झोप लागली होती.

सव्वानऊची लोकल
साडेअकराला अळूवड्या कोण तळतं? मला संशय येतोय.

मधुमालती
लाइट नसले की काय करणार, तळतात. खाजऱ्या नव्हत्या ना गं? देठ काळपट असलेलीच पानं घ्यायची, आणि चिंच सढळ.

खिडकीपाशी
नव्हत्या अजिबात. चिंचगूळ मस्त होता. डबा अजून माझ्याकडेच आहे, रिकामा कसा परत द्यायचा म्हणून.

तिरफळ
नारळाच्या वड्या घालून दे. आणि बेल दोनदा वाजव.