चौपदरी रस्त्यावर नुसते झेब्राचे पट्टे मारून भागतं का? शाळेसमोरच्या क्रॉसिंगसाठी नेमकं काय मागावं?

रोजची_पादचारी

मी रोज सकाळी मुलीला शाळेत सोडायला आणि दुपारी आणायला एकच रस्ता ओलांडते. चार लेन, मध्ये दुभाजक नाही. रुंदी मी टेपने मोजली, १४ मीटर भरली. एका बाजूला घरं आणि बस थांबा, दुसऱ्या बाजूला शाळा. जवळचा सिग्नल ४०० मीटरवर आहे, तिथपर्यंत चालत जाऊन परत येणारं कोणी मी पाहिलेलं नाही. वेगमर्यादा ताशी ५० ची आहे.

चार महिन्यांपूर्वी इथे झेब्रा क्रॉसिंग रंगवलं. आम्हा पालकांना फार बरं वाटलं, कारण त्यासाठी आम्हीच अर्ज केले होते. मागच्या महिन्यात त्याच पट्ट्यांवर जे झालं ते सांगते. आमच्या बाजूच्या लेनमधली एक मोठी गाडी थांबली, चालकाने हाताने "जा" अशी खूण केली. आम्ही निघालो. मुलगी दोन पावलं पुढे होती. त्या थांबलेल्या गाडीच्या पलीकडून, दुसऱ्या लेनमधून एक गाडी वेग जराही कमी न करता आली. मी मुलीचं दप्तर धरून मागे खेचलं. दप्तराचा एक बंद तुटला, दुसरा टिकला. ती आठ वर्षांची आहे. त्यानंतर आठवडाभर ती फुटपाथच्या कडेला आली की माझा हात दोन्ही हातांनी धरायची.

त्या चालकावर माझा राग आहे, पण विचार केला तर त्याला आम्ही दिसलोच नसणार, आणि आम्हालाही तो दिसला नव्हता. थांबलेला माणूस तर भला होता. मग चुकलं कुठे?

रस्त्याचं काम पाहणाऱ्या कार्यालयात गेले तर उत्तर मिळालं की त्या जागी अपघाताची नोंद नाही, त्यामुळे ते प्राधान्यात बसत नाही. नोंद होण्याची वाट पाहायची माझी तयारी नाही. मला पुन्हा अर्ज करायचा आहे, पण या वेळी "काहीतरी करा" असं न लिहिता नेमकं मागायचं आहे. सिग्नल मागू, गतिरोधक, पूल, की आणखी काही? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

निवृत्त_रस्ता_अभियंता

ताई, मुलगी सुखरूप आहे हे वाचून हायसं वाटलं. तुम्ही जे वर्णन केलंय तो अनेक लेनच्या रस्त्यावरचा ठरलेला धोका आहे. एका लेनमधली गाडी थांबते आणि तीच पडद्यासारखी आड येते. शेजारच्या लेनमधल्या चालकाला माणूस दिसेपर्यंत अंतर उरत नाही. लहान मुलांची उंची बॉनेटएवढी, म्हणून त्यांना हा धोका सगळ्यात जास्त.

पट्ट्यांबद्दल आधी स्पष्ट बोलतो. अमेरिकेतल्या ३० शहरांमधल्या पट्टे असलेल्या १००० आणि पट्टे नसलेल्या १००० जागांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास आहे, त्याचा अंतिम अहवाल २००५ साली आला. दोन लेनच्या रस्त्यावर पट्ट्यांमुळे फारसा फरक दिसला नाही. पण अनेक लेन, मध्ये उंच दुभाजक नाही आणि दिवसाला १२,००० पेक्षा जास्त वाहनं, अशा रस्त्यावर नुसते पट्टे असलेल्या ठिकाणी पादचाऱ्यांचे अपघात पट्टे नसलेल्या ठिकाणांपेक्षा जास्त निघाले. याचा अर्थ पट्टे पुसून टाका असा नाही. पट्ट्यांच्या जोडीला आणखी काही हवं, एवढाच आहे. तुमचा रस्ता बहुधा याच गटात बसतो.

आता हिशोब पाहा. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. १४ मीटरला जवळपास १२ सेकंद, आणि पाहून पाऊल टाकायला ३ सेकंद धरा. म्हणजे दोन्ही दिशांनी, चारही लेनमध्ये, एकाच वेळी १५ सेकंदांची मोकळीक मिळायला हवी. ताशी ६० च्या वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात २५० मीटर कापते. म्हणजे तुम्ही पाऊल उचलता तेव्हा ती पाव किलोमीटर लांब हवी, आणि तेही दोन्हीकडे. वयस्कर माणसं सेकंदाला ०.८ मीटरने चालतात, त्यांना २० सेकंद लागतात.

म्हणून माझं पहिलं उत्तर: रस्त्याच्या मधोमध थांबण्यासाठी उंच कठड्याचं बेट मागा. लेन ३.५ मीटरच्या आहेत, त्या ३ मीटरच्या केल्या तर १२ मीटर होतात आणि बेटाला पूर्ण २ मीटर मिळतात. रस्ता रुंद करायला नको, कोणाची जागा घ्यायला नको. मग एका वेळी ६ मीटर ओलांडायचे आणि एकाच दिशेला पाहायचं. १५ ऐवजी ८ सेकंदांची मोकळीक पुरते. लेन अरुंद झाल्याने वाहनांचा वेगही उतरतो.

दुसरं, गाड्यांची थांबण्याची रेघ पट्ट्यांना चिकटून नको, ६ ते १५ मीटर मागे हवी. थांबलेली गाडी मागे राहिली की शेजारच्या लेनमधल्या चालकाला पट्ट्यांवरचं माणूस दिसतं. तुमच्या बाबतीत जे घडलं त्यावर हा थेट इलाज आहे आणि त्याला फक्त रंग लागतो. त्या पट्ट्यात कडेला गाड्या उभ्या राहू देऊ नका.

वेगाबद्दलही अर्जात लिहा. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर ताशी ५० वरून कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे ३५ मीटरवर थांबते, ३० वरून साधारण १८ मीटरवर. अमेरिकेतल्या २०११ च्या एका अभ्यासात गाडीची धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता ताशी ३७ किलोमीटरला १० टक्के, ५१ ला २५ टक्के आणि ६८ ला ५० टक्के आढळली. फलक लावून वेग उतरत नाही, रस्त्याची घडण बदलून उतरतो. फुटपाथच्या उंचीला आणलेलं सपाट क्रॉसिंग हा त्यातला चांगला उपाय. गाडीला चढ चढावा लागतो आणि मूल चालकाच्या नजरेत वर येतं. मात्र चढाचा उतार नीट काढला पाहिजे, नाहीतर बसमधल्या उभ्या प्रवाशांना हिसका बसतो.

अर्जाआधी एक करा. सकाळच्या गर्दीत तासभर बसून मोजा: किती वाहनं, किती माणसं, आणि मोकळीक किती वेळा मिळते. वेगासाठी रस्त्याकडेला ५० मीटरचं अंतर आखा आणि घड्याळ लावा. ३.६ सेकंद म्हणजे ताशी ५०, ३ सेकंद म्हणजे ६०. अपघाताची नोंद नाही म्हणणाऱ्यांपुढे हे आकडे ठेवा.

पूल_हवा

एवढा खटाटोप कशाला? पादचारी पूल बांधला की माणसं आणि गाड्या समोरासमोर येणारच नाहीत. सगळ्यात सुरक्षित तोच.

पांढरी_काठी

मला दिसत नाही. पुलाबद्दल मीच लिहिते, कारण तो बांधला की सगळ्यांना वाटतं आमचाही प्रश्न सुटला.

पूल चढायला जिना असतो. जिना मी चढते, पण माझी चाकाच्या खुर्चीतली मैत्रीण नाही चढू शकत. लिफ्ट असली तर ती चालू असायला हवी. आणि ज्यांना दिसतं, पाय धड आहेत, तेही पुलावरून जात नाहीत. १९६५ च्या एका जुन्या अभ्यासात हे मोजलेलं आहे: पुलावरून जायला खालच्याइतकाच वेळ लागला तर जवळपास सगळे पुलावरून जातात, दीडपट लागला तर जवळपास कोणीच नाही. ६ मीटर वर चढून तेवढंच खाली उतरायचं, तर दीडपटीहून जास्तच लागणार. मग माणसं खालूनच जातात, आणि आता चालकाला वाटतं की इथे कोणी रस्त्यात असायचं कारण नाही.

बेट चांगलं, फक्त ते माझ्या काठीला कळलं पाहिजे. फुटपाथ संपतो तिथे आणि बेटाच्या दोन्ही कडांना ठिपक्यांच्या फरश्या हव्यात. जपानमध्ये १९६७ साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या आणि तिथून जगभर गेल्या. पुष्कळ ठिकाणी कड इतकी सपाट करतात की फुटपाथ कधी संपला आणि मी गाड्यांच्या रस्त्यात कधी आले ते समजत नाही. चाकांसाठी उतार हवाच, पण त्या उतारावर ठिपके हवेतच. ताई, हे अर्जात लिहाल ना? मागाहून कोणी बसवत नाही.

बस_चालक

मी चालकाच्या खुर्चीतून सांगतो. तुमचा बस थांबा पट्ट्यांच्या कुठे आहे? बस पट्ट्यांच्या आधी थांबत असेल तर उतरलेली माणसं बसच्या पुढ्यातून ओलांडतात, आणि मागून बसला वळसा घालून येणाऱ्याला ती दिसत नाहीत. मला आरशात तो येताना दिसतो, पण पुढची बाई निघालेली असते, हॉर्नशिवाय माझ्या हातात काही नसतं. थांबा पट्ट्यांच्या पुढे न्यायला सांगा, म्हणजे माणसं बसच्या मागून ओलांडतील.

३ मीटरच्या लेनबद्दल थोडं. बसची रुंदी अडीच मीटरच्या वर असते आणि आरसे वेगळे. आम्ही कडेच्या लेनमधून चालतो. ती ३.१ ठेवा आणि आतली २.९, बेट तेवढंच राहील.

आणि दिवा. रात्री पट्ट्यांच्या बरोबर वर दिवा असला की माणसाच्या डोक्यावर उजेड आणि अंगावर अंधार, समोरून नुसती सावली दिसते. खांब गाडी येते त्या बाजूला, पट्ट्यांच्या थोडा अलीकडे असला की माणसाच्या अंगावर, आमच्याकडच्या बाजूने उजेड पडतो.

निवृत्त_रस्ता_अभियंता

बसवाल्या दादांचं लेनचं म्हणणं मान्य, ३.१ आणि २.९ च करा. दिव्याचंही बरोबर, खांब साधारण ३ मीटर अलीकडे.

सिग्नलबद्दल राहिलं होतं. बटण दाबून चालणारा सिग्नल उत्तम, पण बटण दाबल्यावर फार थांबावं लागलं तर उपयोग जातो. अर्ध्या मिनिटावर गेलं की लोक लाल दिव्यातच निघतात. आणि हिरवा वेळ सेकंदाला १.२ मीटरने न काढता सावकाश चालणाऱ्यांच्या हिशोबाने काढायला लावा. मी नोकरीत असताना एका क्रॉसिंगचा वेळ कागदावर बरोबर काढला होता. नंतर तिथे उभं राहून पाहिलं तर एक आजी दर वेळी तीन चतुर्थांश रस्त्यातच दिवा बदललेला पाहायच्या. तो वेळ मी वाढवून घेतला, पण तोवर त्यांनी किती दिवस तसं ओलांडलं असेल, हे मनातून जात नाही.

रोजची_पादचारी

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजणी केली. शेजारच्या काकू आणि मी, सकाळी ८ ते ९, एकीने वाहनं मोजली, दुसरीने माणसं आणि मोकळीक.

तासाभरात दोन्ही दिशांची मिळून १३८० वाहनं. ओलांडणारी २१२ माणसं, त्यातली ९६ शाळेची मुलं. दोन्हीकडून एकाच वेळी १५ सेकंदांची मोकळीक तासात फक्त ४ वेळा मिळाली. चार वेळा! २१२ माणसं कशी ओलांडतात ते मग डोळ्यांसमोर आलं: अर्धा रस्ता धावत, मधल्या रेघेवर उभं राहून, पाठीमागून आणि पुढून गाड्या जात असताना. मीही तेच करते, मुलीला घेऊन. बेट असतं तर एका दिशेची ८ सेकंदांची मोकळीक जवळच्या बाजूला १४३ वेळा आणि पलीकडच्या बाजूला १३१ वेळा मिळाली असती. काकू आकडा लिहिताना म्हणाल्या, "अगं, हे तर कोणालाही कळेल."

वेग ६० वाहनांचा मोजला. सावकाशपासून वेगवान असं क्रमाने लावलं तर ५१ वं वाहन ताशी ६० ने गेलेलं. नऊ त्याहून जोरात. म्हणजे ५० चा फलक बहुतेकांना दिसतच नाही.

बस थांबा खरंच पट्ट्यांच्या आधी आहे. इतकी वर्षं तिथे उतरते, पण हे कधी सुचलं नव्हतं. दादा, धन्यवाद.

अर्जात मागितलं आहे ते असं: मधलं बेट आणि अरुंद लेन, थांबण्याची रेघ १० मीटर मागे, थांबा पट्ट्यांच्या पुढे, दिव्याचे खांब अलीकडे, आणि ठिपक्यांच्या फरश्या दोन्ही फुटपाथवर आणि बेटावर. रेघ आणि थांबा लगेच करता येतील, म्हणून ते वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. बेट पक्कं बांधण्याआधी प्लास्टिकचे खांब लावून महिनाभर करून पाहा, असंही सुचवलं आहे. सपाट उंच क्रॉसिंग सध्या मागितलं नाही. सगळं एकदम मागितलं तर सगळंच मागे पडेल असं वाटलं. चुकीचं वाटत असेल तर सांगा, अजून दुरुस्ती करता येईल.

आकडे पाहून कार्यालयातले दोघं बुधवारी जागेवर यायला तयार झाले आहेत. त्यांनी दुपारी ३ ची वेळ दिली होती, मी सकाळी सव्वाआठची मागून घेतली. काकू आणि काही पालक येणार आहेत. शाळेसमोरच्या फुटपाथवर मी खडूने २ मीटरचा चौकोन आखून ठेवणार आहे. त्यात बाबागाडी, एक चाकाची खुर्ची आणि दप्तरवाली दोन मुलं एकत्र मावतात का, हे त्या दोघांना तिथेच उभं राहून पाहता येईल.