म्युनिकला २ ऑक्टोबरच्या रात्री पोचतो आहे: कुकर न्यावा की तिथे घ्यावा?

वारणाकाठ: नमस्कार. एका सत्राच्या एक्स्चेंजसाठी मी म्युनिकला निघालो आहे. शुक्रवार, २ ऑक्टोबर २०२६ रोजी रात्री नऊच्या सुमारास विमान उतरेल. वसतिगृहात खोली मिळाली असून स्वयंपाकघर सामाईक आहे. सामानाची मर्यादा २३ किलो आहे, आणि भांडी, पांघरूण व थंडीचे कपडे मिळून १२० युरो बाजूला ठेवले आहेत. कुकर इथून न्यावा का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मुळा_ते_इझार: न्या, पण इंडक्शनवर चालणारा स्टीलचाच न्या. माझा ॲल्युमिनियमचा कुकर तिथल्या शेगडीवर तापलाच नाही आणि सहा महिने कपाटात पडून राहिला.

सातपुडा: कुकरपेक्षा जॅकेट महत्त्वाचे. मी २२० युरोंचे घेतले; सात हिवाळे झाले, अजून चेनही बिघडलेली नाही. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो, तेव्हा त्याची किंमत कळते.

वारणाकाठ: आभारी आहे, पण मी मार्चमध्ये परतणार आहे आणि एकूण रक्कमच १२० युरो आहे.

निमाकाकू: बाळा, कुकर घेऊनच जा. माझ्या लेकीने नेला नाही आणि पहिला महिना पाव-चीजवर काढला. मेतकूट आणि भाजणी कुकरच्या पोटातच भर, म्हणजे जागा वाचते. तुपाची बरणी मात्र कपड्यांत गुंडाळून ठेव.

मुळा_ते_इझार: काकू, तुपाबाबत क्षमा असावी. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास बंदी आहे. त्यात तूप, पेढे सगळे आले.

निमाकाकू: आम्ही तीनदा नेले, कोणी बॅग उघडली नाही.

मुळा_ते_इझार: बॅग उघडली नाही म्हणून नियम बदलत नाही. नव्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी हा धोका का पत्करावा?

कृष्णाकाठी: कुकर कोणताही न्या, फोडणी मात्र जपून करा. मोहरी तडतडली, तेलाचा धूर झाला आणि आमच्या मजल्यावरची धोक्याची घंटा वाजून सगळे थंडीत खाली उभे राहिले. तेव्हापासून मी आधी खिडकी उघडते, मग तेल तापवते.

फ्रायमानकर: सर्वांनी आधी तारीख पाहावी. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकतेचा दिवस, म्हणजे सार्वजनिक सुट्टी आहे, यंदा तो शनिवारी येतो आणि रविवारी दुकाने बंदच असतात. म्हणजे शुक्रवारी रात्री आठला बंद झालेली बाजारपेठ थेट सोमवारी उघडेल. खोलीची चावी बहुतेक कार्यालयीन वेळेतच मिळते. त्यातच ४ ऑक्टोबर हा ऑक्टोबरफेस्टचा, म्हणजे तिथल्या मोठ्या बिअर-उत्सवाचा, शेवटचा दिवस, त्यामुळे त्या तीन रात्रींसाठी हॉटेल शोधायला गेलात तर तुमचे १२० युरो एका रात्रीलाही पुरतील की नाही, शंकाच आहे. चावीबद्दल वसतिगृहाला आजच लिहा. विमानतळावरचे आणि मुख्य स्थानकातले किराणा दुकान सुट्टीच्या दिवशीही उघडे असते. दूध, पाव तिथूनच घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचा दाखला लागतो, तोही चावीसोबतच मागून घ्या.

सातपुडा: चावीचे बरोबर आहे. जॅकेटबद्दलचे माझे मत कायम आहे.

वारणाकाठ: फ्रायमानकर, आपण लिहिले नसते तर मी रात्री अकरा वाजता बंद दारासमोर उभा राहिलो असतो. वसतिगृहाचे उत्तर आले: चावी शुक्रवारी दुपारपर्यंतच मिळेल, परंतु माझे अधिकारपत्र दाखवून दुसरी व्यक्ती ती घेऊ शकते. आमच्या महाविद्यालयाचा एक सीनिअर तिथेच राहतो, तो घेऊन ठेवणार आहे. त्याने शेगडीचा फोटोही पाठवला. ती इंडक्शनची नाही, काचेखाली लाल होणारी आहे, त्यामुळे घरातला तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकरच मी नेतो आहे. काचेच्या शेगडीवर बूड सपाट बसावे लागते, म्हणून पट्टी लावून पाहिले. कुठेही फट नाही. तूप नेणार नाही. जॅकेट तिथेच कोणाचे तरी वापरलेले घेईन.

निमाकाकू: एक जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर घे, तिथे लवकर मिळत नाहीत. पोचलास की इथे कळव.